सात शून्यं

मल्लवा तारिहाळकर खालून विटा फेकायची,
मी ट्रकवर उभी राहून झेलायची.
एका वेळी दोन, एकीला एक चिकटून,
वर येईपर्यंत सुटायच्या नाहीत.
कंग्राळीच्या भट्टीवर बिर्जे सर विटा न्यायला आले
आणि पैसे द्यायचे विसरून मोजत राहिले.
शंभरात एकही माझ्या हातांबाहेर गेली नाही.
बेसबॉल म्हणजे काय, ते त्यांनी नंतर सांगितलं.

फायनल बेळगावात, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर.
निलगिरीची सावली, चुन्याच्या रेघा,
समोर म्हैसूरच्या पोरी, एकसारख्या बुटांत.
आमच्या नऊ जणींत ग्लोव्हज सहा,
उरलेले त्यांच्याकडूनच उसने,
डाव बदलला की परत.

‘होडी! होडी!’ लोक त्यांच्या बॅटरला ओरडत होते,
म्हणजे हाण, हाण.
चंदगडहून मामाकडं शिकायला आलेली आमची सुशा
लांबून विचारायची,
‘हितं होडी कुठली गे?’

पहिल्या डावात तिघी आल्या, तिघी गेल्या.
दुसऱ्यात तशाच.
स्टुलावर चढलेला पोरगा फळ्यावर खडूनं लिहीत होता
कन्नड आकडे.
पण शून्य दोन्हीकडं सारखंच,
त्यावरून अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

चौथ्यानंतर मल्लवाशी कुणी बोलेना.
का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
ती झाडाखाली बसून मोज्यातली कुसळं काढत होती,
एकेक, नीट,
जशी तीच मॅच होती.

पाचव्यात चेंडू माझ्या उघड्या हाताच्या करंगळीवर बसला.
हिरवी शेंग मोडावी तसा आवाज.
मी मूठ झाकली.
‘काय झालं गे?’
‘काय न्हाई. तू टाक.’
सहाव्यात गौसिया मुल्लानं पोटावर घसरत एक अडवला
आणि बसल्या जागेवरून फर्स्टला फेकला.
दोन्ही गुडघे सोलले. तिनं नंतर पाहिले.

आम्ही एक, त्या शून्य. सातवा डाव, दोघी बाद.
शेवटची पोर उंच होती, डावखुरी,
बॅट अशी धरलेली, जसं दार उघडणार.
दोन स्ट्राइक. मी जोराचा मागितला.
मल्लवानं मान हलवली.
पुन्हा मागितला. पुन्हा नाही.
मग तिचे ओठ हलले: ‘कच्ची.’

भट्टीत कडेची वीट कधी नीट भाजत नाही.
ती जोरात टाकली तर हातात येईतो भुगा.
तेव्हा मल्लवा खालून सांगायची, ‘कच्ची हाय, सांभाळ,’
आणि असं सोडायची
की वीट वाटेत जरा थांबल्यासारखी वाटे.

हात तोच, तेवढ्याच तावानं फिरला.
बॅट आली, गेली, पार वळून पाठीला लागली.
चेंडू अजून वाटेतच होता.
मी त्याच्यावरचे लाल टाके मोजू शकले असते.
मग तो माझ्या ग्लोव्हात येऊन बसला.

बिर्जे सरांनी वहीतली घरं तीनदा मोजली.
एकवीस जणी आल्या,
पहिल्या बेसवर एकीचंही पाऊल नाही.
चष्मा काढून म्हणाले, ‘परफेक्ट गेम. मी फक्त वाचलेलं.’
मल्लवानं विचारलं,
‘म्हंजे जिंकलो न्हवं?’

सर्टिफिकेटावर कन्नडमध्ये ती मल्लम्मा झाली,
दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात मालती.
तिच्या आईनं दोन्ही कागद
रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले.

सोमवारी मी घरी, करंगळीला बांबूची कामटी.
भट्टीवर ट्रकवर दुसरी पोर उभी होती.
संध्याकाळी मल्लवा विटकरीच्या धुळीत लालभडक
दारात येऊन बसली.
फायनलचं काही बोलली नाही.
पाणी प्याली, तांब्या पालथा घातला,
म्हणाली,
‘अकरा फुटल्या गे आज.’